फुटाला एक सूत

परवा सांगलीत एका हार्डवेअरच्या दुकानात बारा एमएमचा बोल्ट मागितला. दुकानदार पोरसवदा, फोन कानाला. तो न काढताच त्याने विचारलं, "चार सुती देऊ काय काका?" मी म्हटलं, "अरे, चार सुती म्हणजे अर्धा इंच. म्हणजे बारा पॉइंट सात. मला बारा पाहिजे." फोनवर "एक मिनिट हं" म्हणून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. 'रिटायर्ड दिसतंय' एवढंच त्या नजरेत होतं.

मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत गेला. या मुलाच्या बापानेसुद्धा शाळेत सेंटिमीटरच गिरवले असणार. तरी सूत काही जात नाही. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. दोन सुती बोल्ट, तीन सुती सळई, एक सुती प्लेट. इंजिनिअर लोक कागदावर मिलिमीटर लिहितात, तो कागद शॉपमध्ये खाली जातो आणि तिथे त्याचं पुन्हा सूत होतं.

मी आयटीआयमध्ये 'ड्राफ्ट्समन मेकॅनिकल' या ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. एकतीस वर्षं पोरांना एलेव्हेशन आणि प्लॅन शिकवले. त्याआधी सहा वर्षं एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा इतिहास सांगणारे सहसा वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतात. मी कागदापासून करतो. एक तर मी जन्मभर कागदच पाहिला. दुसरं म्हणजे, आपल्याकडे यंत्र आधी आलं आणि त्याचा कागद फार मागाहून आला, आणि या दोहोंमधल्या अंतरातच आपला सगळा इतिहास आहे असं माझं मत झालेलं आहे.

मुंबई-ठाणे आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्याच वर्षी कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, आणि त्याच १८५४ साली पुण्यात सरकारने एक वर्ग उघडला. त्याचं नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल'. आजच्या सीओईपीचं हे पाळण्यातलं नाव. त्यात 'मेकॅनिकल' हा शब्द होता याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण तो पुढे गळाला. संस्था मोठी झाली, मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, तेव्हा तिचं नाव झालं 'पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज'. सरकारला हवे होते रस्ते, कालवे, पूल बांधून घेणारे हाताखालचे लोक. विश्वेश्वरय्या तिथलेच, आणि त्यांची कीर्तीसुद्धा पाण्याची आणि धरणांची. तिथले एक प्राचार्य थिओडोर कुक तर आज ओळखले जातात ते मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरच्या ग्रंथामुळे! यंत्राची पदवी या कॉलेजात आली ती विसावं शतक उजाडल्यावर.

याचं कारण सरळ आहे. पूल सातासमुद्रापलीकडून आणता येत नाही, नदीवरच बांधावा लागतो. यंत्र आणता येतं. गिरण्यांची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून लाकडी खोक्यांत भरून यायची. उभी करायला माणूस यायचा तोही तिकडचाच. ड्रॉइंग मात्र तिकडेच राहायचं. त्यामुळे इथे लागायचा तो दुरुस्ती करणारा. गिअरचा दात मोडला तर उरलेल्या दातांवरून माप घ्या, लाकडाचा नमुना करा, ओता, घासा, बसवा. यात कसब होतंच, थोडंथोडकं नव्हे. मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया जहाज बांधणाऱ्या घराण्यातले. त्यांनी वाफेच्या यंत्रात इतकी गती मिळवली की १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. इंग्लंडात मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्था निघाली ती त्याच्याही नंतर, १८४७ साली बर्मिंगहॅमला. पण अर्देशीर एकटे होते. बाकी सगळा कारभार मोडलं की जोडा.

या जोडणाऱ्यांना धडे देण्यासाठी १८८७ साली, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून, भायखळ्याला 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' निघालं. माटुंग्याला ते १९२३ साली गेलं. आद्याक्षरं तीच राहून त्यात व्हिक्टोरियाच्या जागी वीरमाता जिजाबाई आल्या त्या १९९७ साली. गिरण्यांना, रेल्वेच्या कारखान्यांना इंजिन-बॉयलर समजणारी माणसं पाहिजे होती, ती इथे घडायची. या संस्थेत मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायला एक तरुण सहायक शिक्षक होता, आणि माझ्या या गोष्टीचा नायक तोच. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ असते: ओसाड माळ, लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी. पण ड्रॉइंगचा मास्तर म्हणून मला त्यातली एक वेगळीच गोष्ट दिसते. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईला गेला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दोन वर्षं काढली आणि मग कळलं की याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठं दुर्दैव कुठलं? रंग सुटले. मग त्याने धरलं मेकॅनिकल ड्रॉइंग.

आमच्या ड्रॉइंगमध्ये रंग नसतो. असते फक्त रेघ. जाड अखंड रेघ म्हणजे दिसणारी कडा. तुटक रेघ म्हणजे आत दडलेली कडा. एक लांब, एक आखूड अशी बारीक रेघ म्हणजे मध्यरेषा. तिरप्या बारीक रेघा म्हणजे इथे वस्तू कापून दाखवली आहे. सावली नाही, लांबची गोष्ट लहान दिसणं नाही, की चित्रकाराची मर्जी नाही. मी पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगायचो: जसं दिसतं तसं काढू नका, जसं आहे तसं काढा. आणि मग लक्ष्मणरावांची गोष्ट सांगायचो. मागच्या बाकावर हमखास एखादा विचारायचा, "सर, मग सिग्नल दिसायचा का त्यांना?"

ही विद्या मुळात किल्ले बांधणाऱ्यांची. गास्पार मोंज नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात तिला शिस्त लावली. वस्तू दोन काटकोनातल्या भिंतींवर पाडायची आणि त्या भिंती उलगडून एकाच कागदावर आणायच्या. फ्रेंच लष्कराला ती इतकी कामाची वाटली की कित्येक वर्षं गुपित म्हणून दडवून ठेवली. पुस्तक उघड छापलं गेलं १७९९ साली. भायखळ्याच्या वर्गात ती पोहोचायला आणखी नव्वद वर्षं लागली.

लक्ष्मणरावांनी आधीच, १८८८ साली, थोरल्या भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं. सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची. मुंबईत बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. मग नोकरी सोडून बेळगाव. कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. पुढे नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं म्हणून ती जागाही सोडावी लागली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. हे १९१० साल.

नांगर खपेना. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे, हे सगळे सांगतात आणि हसतात. मला हसू येत नाही. माझे आजोबा शेतकरीच. लाकडाचा नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करायचा. बाभळीचं लाकूड बांधावर उभं होतं. बिडाचा फाळ ऐन नांगरटीत तडकला तर काय करायचं? बीड ठोकून नीट होत नाही, ते मोडतंच. गावातल्या लोहाराच्या भात्यावर ते जुळत नाही. म्हणजे नवा फाळ कारखान्यातूनच आला पाहिजे, आणि तो दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या नांगराच्या भोकांवर तंतोतंत बसला पाहिजे. विषाची भीती बोलायला सोपी होती. खरी भीती ही होती, असं मला वाटतं.

आणि तिचं उत्तर भाषणात नव्हतं, ड्रॉइंगमध्ये होतं. दोन भोकांमधलं अंतर एकदा कागदावर ठरलं की ते या वर्षीच्या फाळात आणि तीन वर्षांनंतरच्या फाळात एकच राहतं. सुताराने केलेला प्रत्येक नांगर निराळा आणि तो त्या सुतारालाच कळायचा. कागदावरून केलेला नांगर कुणालाही कळतो. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांच्या बाबतीत हेच केलं होतं: सगळ्यांचे आटे एकाच कोनाचे, ५५ अंशांचे. चार सुती बोल्ट कुठूनही आणा, चार सुती नट त्यावर चढणार. कुंडलच्या माळावर हेच ज्ञान फाळाच्या रूपाने आलं. त्याच कारखान्यात पुढे १९२६ साली पाण्याचे पंप होऊ लागले, आणि त्याच साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले. बापाने ड्रॉइंग शिकवून जे गोळा केलं ते मुलाने पदवी घेऊन. मला विचाराल तर बापाचं काम अवघड होतं.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगतो. आयटीआयची योजना १९५०ची, अप्रेंटिस कायदा १९६१चा. परदेशी कंपन्यांशी करार करून कारखाने निघाले, आणि करारासोबत प्रथमच ड्रॉइंग आली. गठ्ठ्यांनी. ती आपल्या कागदावर उतरवायला माझ्यासारखे ट्रेसर लागायचे.

आमचं ड्रॉइंग ऑफिस पहिल्या मजल्यावर, खिडक्या उत्तरेला, म्हणजे उन्हाची तिरीप बोर्डावर येत नाही. चौदा बोर्ड. ट्रेसर सगळ्यात खाली, वर ज्युनिअर ड्राफ्ट्समन, ड्राफ्ट्समन, चेकर, आणि काचेच्या केबिनमध्ये चीफ. पेन्सिलीचं ड्रॉइंग खाली, वर ट्रेसिंग पेपर, आणि रूलिंग पेनने काळ्या शाईची रेघ. चुकलं तर दाढीचं पातं अर्धं मोडून शाई हलक्या हाताने खरवडायची. जोर जास्त झाला की कागदाला भोक आणि दिवसभराचं काम वाया. पावसाळ्यात घामट हात लागला की शाई धरायची नाही, म्हणून ड्रॉवरमध्ये टाल्कम पावडरचा डबा. पंखा लावायचा की नाही यावर रोज भांडण. आमच्या आधीच्या पिढीकडे ट्रेसिंग क्लॉथ असायचं, खळ लावून काचेसारखं केलेलं तलम कापड. रद्द झालेली ट्रेसिंग धुतली की खळ निघून मऊसूत मलमल उरायची. म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनांचे रुमाल त्याचे असत. आमच्या चेकरच्या रुमालावर कोपऱ्यात मध्यरेषेचा एक पुसट तुकडा मी स्वतः पाहिला आहे.

प्रिंट निघायची अमोनियाच्या मशीनवर. त्याच्याही आधी खरीखुरी ब्लूप्रिंट, निळ्यावर पांढऱ्या रेघा. ते रसायन जॉन हर्शेलने १८४२ सालीच शोधलेलं. काचेच्या चौकटीत धरून ती उन्हात ठेवायची आणि पाण्यात धुवायची. अमोनियाला ऊन नको, पाणी नको, पण डोळ्यांतून पाणी मात्र यायचं. ताजी प्रिंट हातात घेऊन कुणी जिना उतरला की अख्ख्या शॉपला वासावरून कळायचं, नवं ड्रॉइंग आलं.

आता माझी चूक सांगतो. मोंजच्या पद्धतीच्या दोन चाली आहेत. इंग्रजांच्या 'फर्स्ट अँगल'मध्ये वस्तूचं वरून दिसणारं चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. अमेरिकनांच्या 'थर्ड अँगल'मध्ये तेच वर काढतात. बाजूच्या चित्राचंही तसंच, उजवं डावीकडे किंवा उजवं उजवीकडे. आपल्या मानकांनीही कधी ही चाल सुचवली, कधी ती, आणि शेवटी फर्स्ट अँगलवर येऊन ठरलं. कोणती चाल आहे हे सांगायला ड्रॉइंगच्या कोपऱ्यात शेंडा कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह असतं. आमच्या कागदांवर फर्स्ट अँगलचं चिन्ह आधीच छापलेलं होतं. करारातून आलेलं एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग मला ट्रेस करायला दिलं. ते थर्ड अँगलमध्ये होतं. मी सगळी चित्रं होती त्याच जागी उतरवली. रेघा सुंदर आल्या. चेकरने मापं तपासली, ती बरोबरच होती. 'ट्रेस्ड' या चौकटीत मी ऐटीत माझी आद्याक्षरं टाकली.

पॅटर्न शॉपचे, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या विभागाचे मेस्त्री साठीला टेकलेले, जातीचे सुतार, शाळा चौथी. सागवानाचा पॅटर्न अर्धा करून ते जिना चढून वर आले. असं ते कधी येत नसत. माझ्या बोर्डावर पॅटर्न ठेवून म्हणाले, "ह्यो कान कुणीकडं येतोय, जरा बगा की. मागल्या अंगाला आला तर बोल्ट आवळायला पाना जाणार न्हाई." मी तेवीस वर्षांचा. पॅटर्नकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "ड्रॉइंगप्रमाणे करा मेस्त्री," म्हणालो.

त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे केलं. बावीस ब्रॅकेट ओतून, मशीन होऊन असेंब्लीला गेली आणि एकही बसेना. कान मागच्या अंगाला. आरशातलं ब्रॅकेट तयार झालं होतं. केबिनमध्ये चीफनी ट्रेसिंग काचेवर धरलं, माझ्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. बावीसच्या बावीस घणाने फोडून पुन्हा क्युपोलाच्या भट्टीत गेली. बिडाचं एवढं बरं असतं, ते परत वितळतं.

मेस्त्रींची माफी मागायला गेलो तर ते पॅटर्नचा कान काढून दुसऱ्या बाजूला स्क्रूने बसवत होते. "बसा," म्हणाले. आणि मग त्यांनी मला त्या दुपारी जे शिकवलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात तसं नव्हतं. बिडाचा रस साच्यात ओतला की थंड होताना आकसतो. किती? फुटाला एक सूत. म्हणून बारा इंचांचा नग पाहिजे असेल तर पॅटर्न बारा इंच एक सुताचा. पितळ फुटाला दीड सूत, पोलाद दोन सूत. जिथे मशीनवर कातायचं तिथे कातण्यापुरता माल निराळा सोडायचा. पॅटर्न वाळूतून उपसताना साच्याची कड ढासळू नये म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. यातलं काहीच ड्रॉइंगवर नसतं. ड्रॉइंग तयार वस्तूचं असतं, आणि मेस्त्री जे करतो ती ती वस्तू नसतेच. मनातल्या मनात हिशेब करत बसू नये म्हणून त्यांच्याकडे एक खास पट्टी होती. दिसायला साधी लाकडी फूटपट्टी, पण तिच्यावरचा फूट एक सुताने लांब, आणि प्रत्येक इंच त्या प्रमाणात ताणलेला. तिला ते बिडाची पट्टी म्हणत.

मी ड्रॉइंग ऑफिस सोडून आयटीआयमध्ये लागलो तेव्हा ती पट्टी त्यांनी मला दिली. तेव्हा ते निवृत्तच होणार होते.

आयटीआयमध्ये मी बोर्ड आणि टी-स्क्वेअर जाऊन मिनी ड्राफ्टर येताना पाहिला. एसटीच्या गर्दीत तो पिशवीतून वर आलेला आणि शेजारच्याच्या बरगडीत रुतणारा. इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं काचेखाली बल्ब लावून मित्राची शीट छापायची, त्याला 'जीटी मारणं' म्हणत. ग्लास ट्रेसिंगचं लघुरूप. मास्तर म्हणून मी त्यावर चिडायला हवं होतं, पण सहा वर्षं मी पगार घेऊन तेच केलं होतं. मग संगणक आला. आता पडद्यावर वस्तू आधी उभी करतात आणि तिची चित्रं आपोआप पडतात. फर्स्ट अँगल की थर्ड, हे एका टिचकीचं काम. माझ्या शेवटच्या बॅचमधल्या एका मुलीने मला तो मेनू उघडून दाखवला आणि म्हणाली, "सर, तुमचं ब्रॅकेट आता चुकलं नसतं." मी तिला विचारलं, छापलेलं चिन्ह आधीच कुणी चुकीचं निवडून ठेवलं असेल तर? ती विचार करत राहिली. पुढे ती एका डायकास्टिंगच्या कारखान्यात टूल डिझाइनला लागली. तिथे ॲल्युमिनिअम असतं, आकसण्याचा हिशेब वेगळा.

बिडाची पट्टी माझ्या टेबलाच्या खणात असते. मागच्या महिन्यात नातवाची पट्टी हरवली म्हणून त्याने न विचारता ती दप्तरात टाकली. संध्याकाळी परत आला आणि पट्टी माझ्यापुढे टाकली. भूमितीच्या तासाला सहा इंचांची रेघ काढायची होती. सगळ्या वर्गाची सारखी आली, याची अर्ध्या सुताने लांब. बाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, ही चुकीची आहे, आजोबांना सांग नवीन घेऊन द्या.

मी त्याला नवीन घेऊन दिली.